फुग्यात दिसलेली आत्या

वाडी, नागपूर
१३ जानेवारी २०२५

ती. शामलाआत्यास केयूरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पाहून हसशील. तुझी सगळी नोकरी पोस्टात गेली आणि भाच्याचं पहिलं पत्र आलं ते नागपुरातून नागपुरातच. मोबाइल बिघडलाय, म्हणून हे.

तू दवाखान्यातून घरी आलीस, हे मैदानावरच्या चहावाल्या भैय्याजींकडून कळलं. तिकडून जात होतो, पण घाईत होतो. इथे गोदामात माल उतरवून घ्यायचं काम मिळालं. अचानक बोलावणं आलं, सांगायला वेळच झाला नाही. इथला एक ड्रायव्हर इंजिनच्या झाकणावर पोळ्या गरम करतो, एकदम फुगतात. तुले दाखवायला पाहिजे होतं. सकाळी इतकं धुकं असते की ट्रक दिसत नाही, नुसते दिवे चालत येतात. अशा हवेत आपला साबणाचा फुगा किती वेळ टिकला असता! जाऊ दे.

तुझं टाचांचं ग्लिसरीन मी सगळं साबणाच्या पाण्यात ओतलं, तेही सांगायचं राहिलं. भेगा दुखत असतील तर शिव्या दे. माया मात्र आहे तेवढी राहू दे.

तुझा
केयूर


सदर, नागपूर
१७ जानेवारी

केयूर,

वर ‘चि.’ लिही, असं आईनं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.

आईला दमा आहे हे तुला माहीत होतं. तरी भर थंडीत, उजाडायच्या आत तिला मैदानावर नेऊन फुगे फुंकायला लावलेस. कशासाठी, तर फोटोसाठी. ती धाप लागून खाली बसली तेव्हा तुला दम्याचा पंप आणायला घरी पाठवलं. तू आलाच नाहीस. फिरायला आलेल्या लोकांनी तिला ऑटोत घालून नेलं.

आई म्हणते, लेकराला पंप सापडला नसेल, घाबरलं असेल. पण पंप टीव्हीजवळच्या फळीवर असतो, कायम. आता तो तिथे नाही. म्हणजे तू घरी आलास, पंप घेतलास. मग पोचला काहून नाहीस? तुझ्या ड्रायव्हरच्या पोळ्यांचं आई कौतुक करते. मला एवढंच उत्तर पाहिजे.

नूपुर


वाडी
२० जानेवारी

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

नूपुरताईनं विचारलं, पण उत्तर तुले देतो.

मोबाइल बिघडला नाही. बंद करून ठेवलाय. तुझा आवाज ऐकायची हिंमत होत नाही. काम आधी मिळालं नव्हतं, पळून आल्यावर मिळालं.

त्या सकाळी तुझ्या छातीतली शिट्टी मले ऐकू येत होती. ऊन नुकतंच मैदानाजवळच्या पाण्याच्या टाकीच्या वर येऊन राहिलं होतं, वारा नव्हता, फुग्यावर हिरवा-जांभळा रंग फिरत होता. मी म्हटलं, आत्या, अजून एक. तू फुंकलास. मी परत म्हटलं, अजून एक. तो फुगा मोठा झाला, सुटला, मी बटन दाबलं आणि वळून पाहिलं तर तू खाली बसली होतीस.

पळत घरी गेलो. पंप लगेच सापडला. परत येताना पिंपळाच्या वळणावर थांबलो. आत्या, मी फोटो पाहायला थांबलो. बरा आला का एवढंच पाहतो, असं मनात होतं. मोठा करून पाहिला. फुग्यात सगळं मैदान गोल होऊन आलं होतं. टाकी, झाडं, मी आणि माझ्या बाजूला तू, वाकलेली, एक हात छातीवर. डोळ्यासमोर घडलं ते दिसलं नाही, फुग्यात दिसलं. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की फोटो भारी आला.

मग धावलो. मैदान रिकामं होतं. भैय्याजींच्या टपरीमागे उभा राहिलो. लोक बोलत होते की बाई जगते की नाही. पंप माझ्या खिशात होता. तिथून जो निघालो तो इथे. नंतर फक्त एकदा, तुझी खबर घ्यायला, टपरीपर्यंत आलो.

फोटोची प्रत काढून सोबत ठेवली आहे. फाडायची तर तू फाड. पंप उशाशी आहे. माया मागायचं तोंड नाही, म्हणून खाली नुसतं नाव लिहितो.

केयूर


सदर
२४ जानेवारी

चि. केयूर यास अनेक आशीर्वाद.

पत्त्यात पिनकोड नव्हता, तरी पत्र आलं. आमच्या खात्याला नावं ठेवू नकोस.

तुझं पत्र वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. राग आला, आणि तो अजून आहे. अजून एक म्हणालास त्याचा नाही. तेव्हा थांब म्हणायला मला तोंड होतं. डॉक्टरांनी पहाटे बाहेर पडू नका असं बजावलं होतं, ते मीच तुझ्यापासून लपवलं. रिटायर झाल्यापासून मला कोणी सकाळी उठवायला येत नव्हतं गा. तू दार वाजवायचास, मी स्वेटर घालून तयार असायचे. राग त्या पिंपळाच्या वळणाचा आहे. तो लगेच जाईल असं खोटं लिहिणार नाही.

फोटो फाडला नाही. भिंग घेऊन पाहिला. माझा चेहरा भयंकर आला आहे, नूपुर म्हणते लग्नाच्या अल्बमपेक्षा खरा. पण तुझा चेहराच नाही. कॅमेऱ्यामागे आहे. दवाखान्यात मी डोळे उघडले की दाराकडे पाहायचे, तेव्हाही नव्हता.

मला तो पाहायचा आहे. नूपुर दोन शब्द ऐकवेल, ते ऐकून घे. आता मला फुंकायला मनाई आहे. ऊन वर आल्यावर तू फुंकशील, बटन मी दाबेन.

आल्याशिवाय उत्तर पाठवू नकोस.

तुझी आत्या


२७ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार.

या पत्राला तिकीट नाही, दाराखालून सरकवतो आहे. बेलवर दोनदा बोट ठेवलं, दाबता आलं नाही. पंप आणला आहे, ग्लिसरीनची नवी बाटलीही. कॅमेरा गळ्यात नाही, पिशवीत आहे.

आतून तुझा खोकला ऐकू येऊन राहिला. या वेळी कुठे थांबलो नाही, सरळ आलो.

पायरीवर बसलो आहे. तोंड दाराकडे करून.

केयूर