दूधगाडी न येणारा दसरा

अंगद म्हशीची धार काढून आत आला, तर चुलीपाशी कढईखाली मुक्तावहिनीची चिठ्ठी होती. वहिनी पहिल्या एसटीनं निघून गेली होती.

"अंगदभावजी, आज दसऱ्यामुळं दूध संघाची गाडी येणार न्हाई. टँकरलाबी सुट्टी हाय, रांजणातलं पाणी पुरवून वापरा. म्हशीला आधी पाजा. दुधाचा खवा करा, नासलं तर ओतून द्या, पण विकायला माजलगावला नेऊ नका. तुमच्या मोटरसायकलची चावी मी संगं नेली हाय. राग धरू नका. आईला बरं न्हाई म्हणून दिंद्रुडला चालले. उद्या येते."

अंगदचं डोकंच फिरलं. असल्या दुष्काळात विकतची पेंड घालून काढलेलं दूध ओतून द्यायचं? मग त्याला आठवलं, वहिनीची आई कालच फोनवर खणखणीत बोलत होती.

मागच्या दसऱ्यालाही दूधगाडी आली नव्हती. बद्रीनाथदादा मोटरसायकलला कॅन बांधून माजलगावला निघाला आणि वाटेत ट्रकखाली सापडला. वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात उभी होती.

चिठ्ठीत दादाचं नाव कुठंच नव्हतं.

अंगदनं चूल पेटवली. सकाळचं दूध आटवलं, संध्याकाळची धारही कढईत ओतली आणि ढवळत बसला. अंधारून येताना रस्त्यानं एक मोटरसायकल आली, घरापाशी जराशी हळू झाली आणि पुढं निघून गेली. आवाज पार विरला तेव्हा अंगदच्या ध्यानात आलं, आपण उलथनं हातात धरून उंबऱ्यात उभे आहोत. आत खवा करपल्याचा वास सुटला होता.