पोतं उचलायचं राहिलं

बेळगुंदी,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. साईराजास आक्काचा आशीर्वाद. (भुंग्या म्हणत नाही. तो हक्क फक्त आईचा होता, मी म्हटलं की चावायला यायचास.)

इकडे सगळं बरं आहे, वास्कोत तूही बरा असशील. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्र काही कट करता येत नाही!

आपला रविवारचा बाजार पुन्हा भरतोय. लॉकडाऊनमध्ये बंद पडला तो पडलाच होता. गावची रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात जायची आणि आपण भाजी आणायला त्याच बेळगावला. दसऱ्याला परशरामकाकांनी चिंचेखालची जागा साफ करून घेतली आणि ज्याची जागा त्याला दिली. आता हिंडलग्याहूनसुद्धा गिऱ्हाईक येतं. आईच्या जागेवर मी बसते, रताळी हातोहात खपतात.

एक सांगायचं होतं. बाजारकरीण वारली की पुढच्या बाजारी तिच्या मुलानं तिचं बसायचं पोतं उचलायचं, "आई, घरला चल" म्हणायचं, मगच तिथं दुसऱ्यानं बसायचं. आई गेली तेव्हा बाजारच बंद, आणि तुलाही गोव्याहून येता आलं नाही. तिचं पोतं चिंचेखाली दगडाखालीच राहिलं. मी खुळी, पहिल्या रविवारी तेच झटकून त्यावर बसले. इतक्या पावसाळ्यांत ते कुजलं कसं नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

शेजारी मालुबाई मिरच्या विकते. ती म्हणाली, "तू एकटी बसतीस, पण पोतं दोघींच्या भारानं दबतंय बघ." मला थट्टा वाटली.

मग काल एक म्हातारा आला. मी त्याला म्हणाले, "तुमास्नी दात न्हाईत, बारकी घेवा. मऊ शिजत्यात." त्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तोंड तर त्यानं उघडलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "जयाबाई, अजून ध्येनात हाय व्हय?"

आईच्या नावानं मी ओ दिली.

आता घरीसुद्धा मी बसले की उजवा गुडघा चोळते. माझा गुडघा दुखत नाही, साई. मला भीती वाटते. आणि खरं सांगू, बरंही वाटतं. आई इतकी जवळ असताना उठावंसंच वाटत नाही, याचीच जास्त भीती वाटते.

आईला शेवटचं दाखवलं नाही म्हणून माझ्यावर रागावलास. राग असू दे. पण येत्या रविवारी ये आणि पोतं उचल. मी उचलून चालत नाही, मुलानंच उचलायचं. आणखी थोडे बाजार गेले तर आक्का म्हणून हाक मारशील तेव्हा ओ कोण देईल, सांगता येत नाही.

उपाशी निघू नकोस. घाटात तुला गाडी लागते, आल्याचा तुकडा तोंडात धर. दुधात रताळं कुस्करून ठेवते. लई दिस झालं रं तुला बघून. घरला न्हेतोस न्हवं मला, भुंग्या?

चिंचेखाली तुझी वाट बघत बसलेली,
तुझी