पिवळीचं रक्त

धुळे,
१९ नोव्हेंबर २०२४

ठाकऱ्याभाऊ,

तुम्हाला आणि धनीबाईभाभींना सलाम. मोनाली, आजोबांना पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून तुलाही. अम्मी नशिराबादहून माझ्याकडे आली आहे. सोमवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुम्ही दिलेली चारोळी तिने खिरीत घातली.

मोनालीने फोनवर विचारलं होतं, लांडग्यांचा रिपोर्ट आला का. मी म्हणाले, प्रयोगशाळेतलं यंत्र बंद आहे. यंत्र चालूच होतं.

उन्हाळ्यात आपण माळावरून लांडग्यांची विष्ठा आणि केस गोळा केले. त्यातला डीएनए मी दूरच्या अस्सल लांडग्यांशी आणि तुमच्या पाड्यातल्या कुत्र्यांशी ताडून पाहिला. म्हातारी मादी पूर्ण लांडगी आहे. तिची तिन्ही पोरं, पिवळीसुद्धा, निम्मी कुत्र्याची आहेत. ही सरमिसळ जुनी असती, तर पिढ्यान्‌पिढ्या तुटत जाऊन कुत्र्याच्या रक्ताचे बारीक तुकडे उरले असते. इथे तो वाटा अख्खा आहे. म्हणजे बापच कुत्रा.

तुम्ही म्हणाल, त्यानं काय बिघडलं? माळावर लांडगे मोजकेच उरलेत. लांडगीला जोडीला लांडगा मिळत नाही. असंच चाललं तर पुढे लांडग्यासारखं दिसणारं जनावर राहील, लांडगा राहणार नाही. वनखात्याच्या बैठकीत ठरलं, तिघांना पकडून नसबंदी करायची आणि परत माळावर सोडायचं. मला मत विचारलं. मी हो म्हणाले.

तुमच्या शेळ्या लांडग्यांनी नेल्या, तेव्हा लोक विष घालायला निघाले होते. तुम्ही आडवे आलात. "शेळ्या माझ्या गेल्या, राग यायचा तर मला येऊ द्या," म्हणालात. त्या दिवशी मी तुम्हाला शब्द दिला होता, की माझ्या कामामुळे या जनावरांना कुणी हात लावणार नाही. तो शब्द मी मोडते आहे.

आणखी एक. कुत्र्यांची लाळ घेतली तेव्हा तुमच्या खंड्याचं तोंड तुम्हीच धरलं होतं. भाऊ, बाप खंड्या आहे. बैठकीत मी त्याचं नाव घेतलं नाही, पाड्यातही कळू देणार नाही. पण त्याचंही ऑपरेशन करावं लागेल.

सोमवारी गाडी येईल. बीळ तुम्हालाच ठाऊक. दाखवाल का? नाही म्हणालात, तर कारण विचारणार नाही.

तुमच्या उत्तराची धास्ती घेतलेली,
नाजमीन

शिरपूर तालुका,
२ डिसेंबर

(आजोबा बोलतात तसं मी मोनाली लिहिते आहे.)

पोरी नाजमीन,

अम्मीचा डोळा बरा असंल. धनीबाई बरी शे.

खंड्याला मीच उचलून गाडीत बसवलं. टाके पडले, आता ओसरीवर निजून असतो. त्याचं नाव पाड्यात मीच सांगितलं. लपवून कुठं लपतं? तुझ्याच कुत्र्याची पोरं शेळ्या नेतात, म्हणून शेजारचा गिरधर बोलायचा बंद झाला होता. काल तंबाखू मागायला आला.

तुझी माणसं चांगली. दोन्ही नर पिंजऱ्यात आले, डॉक्टरनं काम केलं, दुसऱ्या दिवशी सोडले. मी तिथंच उभा होतो. लंगडत गेले, पण गेले.

पिवळी सापडली नाही, असं ते लिहून घेऊन गेले. मी तिला आदल्या सांजेला पाहिलं होतं. गाभण शे. पोट पार खाली आलेलं. त्यांनी बीळ विचारलं, मी जुनं, रिकामं बीळ दाखवलं.

तू सांगतेस ते मला कळतं. लांडगा संपंल, हे खरं असंल. पण पोटातल्या पिल्लांसकट तिला पिंजऱ्यात घालायला माझा हात धजला नाही. पिल्लांचं दूध सुटलं की मी तुला निरोप धाडीन, मग बीळही दाखवीन. पिल्लांचा बाप कोण ते तू बघ. लांडगा निघाला तर सांग. कुत्रा निघाला तरी सांग.

तू माझ्यापासून काही झाकलं नाहीस, म्हणून मीही झाकलं नाही. वर कळवायचं का, ते तू ठरव. कळवलंस तरी

मी तुझा भाऊच,
ठाकऱ्या