पुढचे दार अंबरीनचे

मी, कासम दाऊद हुर्जुक, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम दार्सैत, मस्कत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर आहे. मागच्या महिन्यात छातीत कळ आली ती छातीत, डोक्यात नाही. कोणी बंदूक रोखून लिहून घेतलेले नाही. आणि रोखली असती तर मी आधी तिची जात ओळखली असती. यापूर्वी कोणाला काही तोंडी बोललो असेन तर ते सोडून द्यावे. जे लिहिले तेच खरे.

कलम १. माझा धंदा. पुढे कोणी 'कासम भंगार वेचायचा' म्हणू नये म्हणून लिहितो. शहराबाहेर नेमबाजीचा एक क्लब आहे, तिथे १९८९ पासून मी आहे. पिस्तूल झाडले की गोळी पुढे जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी जमिनीवर पडते. लोकांना वाटते, खलास, आता ती कचरा. तसे नसते. चांगली पुंगळी निवडून, घासूनपुसून तिच्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवली की ती पुन्हा चालते, आणि नीट सांभाळली तर पुन्हा पुन्हा चालते. निवडायचे मी, मशीनवर भरायचे रामकृष्ण धुरीने. रामकृष्ण कणकवलीचा. एवढ्या वर्षांत आमचे भांडण एकाच गोष्टीवरून, की बांगड्याच्या तिखल्याला कोकम किती घालावे. त्याचे मत आजही चूक आहे.

कलम २. हत्यारे. खिळे ठोकून प्रत्येकावर एकेक जातीची पुंगळी बसवलेली माझी फळी क्लबात राहू द्यावी. माझ्या जागी जो येईल त्याने आधी लोहचुंबक फिरवावा; चिकटेल ते पितळ नव्हे, वरून मुलामा दिलेले पोलाद. मग भिंगाने बुडावरची अक्षरे वाचावीत, कारण नऊ एमएम आणि तिची आखूड बहीण ढिगात जुळ्यासारख्या दिसतात. मग उजेडाकडे धरून आत डोकवावे. मधोमध एकच भोक असेल ती ठेवावी, दोन बारीक भोके असतील तिच्यावर मशीनची सुई मोडते. शेवटी चार-पाच मुठीत घेऊन हलवाव्यात. शाबूत पितळ खणखणते, तडा गेलेले भद्द वाजते. घाई करू नये. 'यल्ला यल्ला' करणाऱ्यांना खुशाल बोंबलू द्यावे.

लोहचुंबक रामकृष्णला. भिंग अंबरीनला.

कलम ३. बहीण फरिदा हिला माझा रेडिओ द्यावा. म्हणजे बातम्यांसाठी तिला दुसऱ्यांच्या घरात डोकवावे लागणार नाही. अंबरीनला 'टाकलेली' हा शब्द गावात पहिल्यांदा हिनेच लावला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी विसरलेलो नाही.

कलम ४. अंबरीन कोण, ते लिहिणे भाग आहे. ती माझा एकुलता मुलगा मुआज याची बायको होती. लग्नानंतर दोघे आमच्याकडे दार्सैतलाच राहत. २००१ साली माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, त्याच वर्षी माझी सफिया अल्लाला प्यारी झाली. पट्टी बांधून बसलो असतो तर नोकरी गेली असती. अंबरीनने आपणहून अर्बाबला, म्हणजे क्लबाच्या मालकाला, विचारले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी सांगायचो, ती बघायची. आठवड्याभरात मला शिकवू लागली. मी बाजूला काढलेली मूठ पुन्हा हलवून म्हणाली, "अब्बा, यात एक बोलत नाही." काढून बघितली तर गळ्याशी केसाएवढा तडा. तशीच भरली असती तर पुढच्या वेळी कोणाच्या तरी हातात फुटली असती.

मुआजलाही मी कॉलेजच्या सुट्टीत बसवले होते. त्याने ढीग केले आणि मोकळा झाला. मोठ्या पुंगळीच्या पोटात छोटी अडकलेली, ती तशीच मशीनला गेली आणि मशीन बसले. वर म्हणतो, "अब्बा, पितळ ते पितळ. कोण बघतं?" रामकृष्ण दिवसभर पान्हा घेऊन घामाघूम झाला.

पुढे मुआज शारजाला गेला, तिथे दुसरे लग्न केले आणि अंबरीनला फोनवर सोडले. तिच्या भावांनी 'जागा नाही' म्हटले. मी म्हटले, दाभोळला आपले घर आहे, तिकडे जा. तेव्हापासून ती तिथे शिवणकाम करून स्वतःचे खाते आणि माझे घर राखते. सफियाच्या बांगड्या तिच्याकडे आहेत, त्या सफियाने हयातीत दिल्या. त्यावर कोणी बोलायचे नाही.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. मुआजने घराला गिऱ्हाईक आणले आहे, लॉज काढणारा. माझ्या पश्चात विकायला वेळ लागू नये म्हणून अंबरीनला ईदच्या आत निघायला सांगितले. मी अजून जिवंत आहे, हे कदाचित कोणी त्याला कळवले नसेल. मी फोन केला. म्हणाला, "अब्बा, तलाक झाला, खलास. टाकलेली बाई आपण कशाला सांभाळायची?"

मी म्हटले, "मुआज, टाकलेलं उचलूनच तुला वाढवलंय. तुझी शाळा, तुझं कॉलेज, शारजाचं तिकीट, सगळं लोकांनी जमिनीवर टाकलेलं होतं. मी वाकून उचललं."

त्याने फोन ठेवला. मी मात्र ठरवून उठलो.

कलम ६. शरियतप्रमाणे वारसाचे दोन तृतीयांश मी मोडू शकत नाही आणि मोडणारही नाही. त्यात खोट काढणारा मी कोण? पण एक तृतीयांश माझ्या मर्जीचा आहे, आणि निवडणे हा माझा धंदा आहे. बँकेतले सगळे, नारळाची वाडी, माडी आणि घराच्या मागच्या दोन खोल्या मुआजच्या. ओटा, पुढची खोली, स्वयंपाकघर, विहीर आणि पुढचे दार अंबरीनचे, मालकी हक्काने. काझीसाहेबांना विचारले, वकिलाकडून किंमत काढून घेतली. तिसऱ्या हिश्शात बसते.

मागच्या दाराबाहेर खाडी आहे. तिकडून घरात यायचे तर होडी लागते. आता लॉजवाल्याने खुशाल घ्यावे.

कलम ७. अंमलबजावणी रामकृष्ण करील. हिंदू माणूस का नेमला असे जमातीत कोणी विचारल्यास, इतकी वर्षे माझ्या निवडीवर त्याने डोळे मिटून हात चालवला, म्हणून.

कलम ८. मुआज, हे तुला. तू माझा आहेस, त्याला इलाज नाही, आणि तुझ्यावरची माया कोणत्या कलमात घालावी ते वकिलाला सांगता आले नाही. माझ्या मातीला दाभोळला आलास तर घरी जाशील. कुलूप तोडू नकोस, हाका मारू नकोस. कडी वाजव आणि ओट्यावर थांब. ती दार उघडील. मी तिला ओळखतो, आधी पाणी विचारील. तेव्हा मान खाली घालून पी, आणि तिला नावाने हाक मार.

वाचून पाहिले, समजून सही केली.

कासम दाऊद हुर्जुक

साक्षीदार:
१. रामकृष्ण धुरी, कणकवली, सध्या मस्कत (कोकमाबाबतचा मजकूर अमान्य, बाकी सर्व माझ्यासमोर)
२. जमाल परकार, श्रीवर्धन, सध्या दार्सैत

स्थळ: दार्सैत, मस्कत
दिनांक: १४ जुलै २००६, शुक्रवार, नमाजनंतर