आक्कासाठी घेतलेली घागर

नाना, काल आखाजी झाली, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. आज दुपारची जेवणं आटोपली, घर पंख्याखाली आडवं झालं, आणि मी मात्र उठतो, स्वयंपाकघरात जातो, पाटावरच्या घागरीला हात लावतो आणि परत येऊन खुर्चीत बसतो. पुन्हा उठतो. घागर गार आहे, जागच्या जागी आहे, तिला काही झालेलं नाही. मलाच झालंय. म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. बापाशी जन्मभर अहिराणीत बोललो, पण हातात पेन आलं की शाळेतली मराठी येते. तुम्ही असता तर मिशीत हसून म्हणाला असता, "आयका, मास्तर बोली राहिना." बोलू द्या आज. मास्तर कधी झालो नाही, दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी करून म्हातारा झालो, पण कविता काही सुटल्या नाहीत. अजूनही जिना चढताना पाचवी-सहावीतली एखादी ओळ ओठांवर येते आणि पायऱ्या त्या चालीत पडतात.

ती सवय तुमचीच. आखाजीच्या आधीच्या बाजाराला अमळनेरात तुम्ही मला घेऊन निघायचा. मिलमधून आल्यावर हातपाय धुतले तरी तुमच्या सदऱ्याला सरकीच्या तेलाचा वास असायचाच. एका हातात मांजरपाटाच्या दोन थैल्या, एका हातात तेलाची किटली, आणि रस्त्याला लागलो की म्हणायचा, "म्हन आते." मी नवी पाठ झालेली कविता म्हणायचो. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण चाल चुकली की लगेच थांबायचा. तसेच उभे राहायचा, भर रस्त्यात, सायकलवाले घंटी वाजवताहेत, आणि मी ओळ नीट केल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. मला अजून दिसतं: रिकाम्या थैल्या तुमच्या गुडघ्यांवर आपटताहेत, किटलीची कडी कुरकुरतेय, आणि आपण दोघं एका कवितेवर चालत बाजारात पोचतोय.

आणि तो दिवसही दिसतो. मला एकट्याला गूळ आणायला धाडलं होतं. दुकानदारानं गूळ एका नव्याकोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. लाल, चकचकीत, वर फुलांचं चित्र. तेव्हा ती चीज नवीन होती. मी ती सगळ्या गल्लीला दिसेल अशी छातीसमोर धरून आणली. तुम्ही गूळ काढून घेतला, पिशवीची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "दई ये त्याले." मी म्हटलं, त्यानंच दिली, फुकट दिली. तुम्ही म्हणालात, "आपली थैली शे ना? मंग दुसरानी कसाले?" एवढंच. पर्यावरण हा शब्द तुम्ही कधी ऐकला असेल असं वाटत नाही. तुमचा हिशेब साधा होता: माल घ्यावा, आवरण घेऊ नये. मी रडत गेलो, पिशवी परत केली, आणि दुकानदार इतका हसला की त्यानं गुळाचा एक खडा वर दिला. तो मात्र मी रस्त्यातच संपवला.

आता आमचं जळगावचं घर पाहा. दाराची घंटी वाजते ती पाहुण्यांची नसते. खोका येतो. खोक्यात दुसरा खोका, त्यात फुगे भरलेला कागद, त्याच्या आत जिऱ्याचं पाकीट. सूनबाई गुणाची आहे, नोकरी करते, तिला वेळ कुठला? मी कुरकुरलो की हसते. "बाबा, तुम्ही तीस वर्षं कोळशाच्या पगारावर काढलीत, आणि आता माझ्या जिऱ्याच्या पाकिटावर रागावता?"  मी जिऱ्याचं पाकीट फोडून डब्यात भरतो. ओट्याखाली पिशव्यांचा ढीग आहे, त्यांच्यावर हिरव्या अक्षरांत 'पृथ्वी वाचवा' असं छापलंय. कापडी वाटतात, कापडी नाहीत. धुवायला गेलं की फाटतात.

हे सगळं मी सोसलं असतं, नाना. पण तुमच्या लेकीचं, आक्काचं तसं नव्हतं. तुम्ही दरवर्षी आखाजीला तिला आणायला शिरपूरला जायचा, तुमच्यामागे मी जायला लागलो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मुलगा म्हणाला, उन्हात कशाला जाता, पत्ता द्या, आत्याला घरपोच पाठवू. साडी, सुक्या मेव्याचा डबा, वर सोनेरी रिबीन. पुढच्या वर्षीही तसंच. पार्सल वेळेवर पोचलं आणि आक्का आली नाही. फोन केला तर म्हणाली, "पार्सल भेटनं भो. माहेर घर उनं, मंग मी कसाले येऊ?" माहेरच घरी आलं म्हणे. हसत म्हणाली, पण मी फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. भाऊजी गेलेले, मुलगा सुरतेला, घरात ती एकटी. वय ऐंशीच्या पलीकडे. यंदा नाही आली तर पुढची आखाजी तिची कोणी पाहिली, आणि माझी तरी कोणी पाहिली? फाल्गुनातच मी तिला विचारलं, येशील ना? म्हणाली, "मुऱ्हाळी उना तं येसू. डब्बाना मांगे मी येनार नही."

मुऱ्हाळी म्हणजे मीच, न्यायला जाणारा भाऊ; त्या दिवसापासून मला चैन नाही. जाईन म्हणायचं आणि गुडघ्याला हात लावायचा. बसचं विचारून ठेवायचं आणि उन्हाकडे बघायचं. शेवटी परवाच्या दिवशी सकाळी उशीचा जाड अभ्रा घेतला, त्याला नाडी ओवली, आणि कोणाला नीटसं न सांगता अमळनेरची गाडी पकडली. शिरपूरला सरळ गेलो असतो तर सोपं होतं. पण माहेरचा माल माहेरच्या बाजारातूनच न्यावा असं डोक्यात बसलं. तेच दुकान, नाना. गुळाच्या खड्याचं. नातू बसतो आता. मी अभ्रा पुढे केला तर म्हणाला, "बाबा, बाजाराला आले का झोपायला?" दुकानातली चार माणसं हसली. सांजोऱ्यांसाठी रवा, पुरणाची डाळ, गूळ, सगळं सुटं मागितलं, कागदाच्या पुड्यांत. तो म्हणाला, "देतो सुटं. पण पाकिटं मीच भरतो हो, याच पोत्यातून. ते काही परदेशातून येत नाही." मी म्हटलं, माहीत आहे, तरी दे. त्यानं मागच्या कोपऱ्यातलं पोतं उघडलं आणि डाळीचा जो वास आला, त्या वासावर मी पुढची शंभर पावलं चाललो असेन, कविता म्हणत. कासाराकडे बांगड्या घेतल्या. माप विसरलो होतो, म्हणून आपल्या मनगटाला धरून सांगितलं, एवढंच, फक्त थोडं हाडकुळं. शेजारच्या दुकानातून सुती साडी घेतली, दुकानदारानं पोटाशी धरून दाखवली ती. खिशात फोन वाजत होता. मी पाहिला नाही.

आणि मग कुंभारणीसमोर आलो. रस्त्याच्या कडेला घागरीच घागरी, ऊन पडलेलं. लहानपणी मी घागरीत तोंड घालून कविता म्हणायचो, आतून आवाज कसा मोठा येतो ते ऐकायला, आणि तुम्ही माझी कॉलर धरून ओढायचा. राहवलं नाही. वाकलो आणि एक ओळ म्हणून पाहिली. कुंभारीण म्हणाली, "बाबा, तो मोबाईल नाही, घागर आहे. तिकडून कोणी बोलायचं नाही." पण माझ्या मनात दुसरंच आलं होतं. आक्काच्या घरी मागच्या खेपेला प्लॅस्टिकच्या बाटल्या पाहिल्या होत्या, त्यांतलं पाणी कोमट. म्हटलं, हिलाच एक घागर नेऊ, उन्हाळाभर गार पाणी पिईल. कुंभारणीनं विचारलं, "कोणासाठी पाहिजे?" मी म्हटलं, "बहिणीसाठी." ती एकदम गप्प झाली. माझ्याकडे पाहिलं, मग आत गेली आणि ढिगाच्या मागून एक घागर काढून आणली, गोल, एकसारखी भाजलेली. स्वतःच बोटानं वाजवून दाखवली, पदरानं पुसली, आणि वर ठेवायचं लहान मडकं तसंच दिलं. मी घासाघीस करायला तोंड उघडलं तर म्हणाली, "राहू द्या बाबा. द्याल ते द्या." माझे डोळे भरून आले. म्हटलं, पाहा, हे कोणत्या खोक्यातून येणार आहे? बसमध्ये ती घागर उपरण्यात बांधून मांडीवर घेतली आणि शिरपूरपर्यंत त्या बाईच्या चांगुलपणाचा विचार करत गेलो.

आक्का ओट्यावरच बसली होती. मला पाहून उठली नाही, नुसती बघत राहिली. मी अभ्रा ठेवला. तिनं वरून हात फिरवून चाचपला, गूळ ओळखला, डाळ ओळखली. बांगड्या काढून हातात घातल्या, बरोबर बसल्या. साडीची घडी नाकाशी धरली. मग मी मोठ्या दिमाखात उपरणं सोडलं आणि घागर तिच्यासमोर ठेवली. "ही तुझ्यासाठी."

आक्कानं घागरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. वरच्या मडक्याकडे पाहिलं. म्हणाली, "भो, मी जित्ती शे अजून!"

नाना, मी पटकन उपरणं घागरीवर टाकलं. आखाजीच्या तोंडावर घागर कोण कोणासाठी घेतं हे मला माहीत नव्हतं का? ती भरायची गेलेल्या माणसाच्या नावानं; दरवर्षी तुमची मीच भरतो. आणि कुंभारणीचं ते गप्प होणं, ते पदरानं पुसणं, सगळं एकदम उलगडलं. ती बिचारी माझ्या बहिणीचं सुतक धरून होती. आक्का तोवर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. भिंतीवरून शेजारीण डोकावली, तिलाही सांगितलं. "पहाय, मना भाऊ! कविता बठ्ठ्या याद ऱ्हातस, आनि इतलं याद नही!" मी घागर उचलायला गेलो, म्हटलं, टाकून देतो, अपशकुन नको. तिनं माझ्या हातावर चापट मारली. "टाकस कसाले? चांगली शे. चाल. नानानी भरसू." आणि आत जाऊन लुगडी पिशवीत कोंबायला लागली. तीन वर्षांनी, नाना. मी ओट्यावर बसून घागर पुन्हा उपरण्यात बांधली.

चोपड्यावरून आलो. घागर तिच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आजी, वर ठेवा, फुटेल." ती म्हणाली, "मना बाप शे तो, वर कसा ठेवू?" पूर्ण रस्ताभर ती गुणगुणत होती, झोक्यावरची गाणी, आणि बसच्या प्रत्येक खड्ड्याला चाल तुटली की तुमच्यासारखीच थांबायची, पुन्हा धरायची.

काल सकाळी तिनंच घागर भरली. आपल्यात मुलगी भरत नाही, मुलगा भरतो, मी बाजूला उभा होतो. वर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, आंबा, सांजोऱ्या. मग उंबरठ्याशी बसून कुंकवाची बोटं ओढायला लागली, एकेक बोट, एकेक नाव. आजोबांचं, आजीचं, मायचं. तुमच्या नावाशी आल्यावर बोट थांबलं. सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, घेऊ दे तिला वेळ. आक्का म्हणाली, "नाना, मी उनू." आणि बोट ओढलं.

इथं पत्र संपवायला हवं होतं. कवितेत असतं तर इथंच संपलं असतं. पण आज जेवताना आक्काचा फोन वाजला. शिरपूरची शेजारीण. आक्कानं ऐकलं आणि म्हणाली, "पार्सल उनं म्हने मना घर. कोनी धाडं व्हई?" मुलानं सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई म्हणाली, "आत्या, शप्पथ, यंदा आम्ही नाही." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमरसाच्या वाटीत पोळी बुडवली आणि म्हटलं, असेल कोणाचं तरी, पत्ता चुकला असेल.

नाना, मीच. निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, सूनबाईनं शिकवलं होतं तसं. जाणं होईल याची मला खात्री नव्हती, आणि गेलो तरी ती येईल याची त्याहून नव्हती. काहीच पोचलं नाही असं तर व्हायला नको, म्हणून. अमळनेरच्या बाजारात खिशात वाजत होतं ते तेच, माल निघाल्याचा निरोप. आणि खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं. आक्काला वाचता येत नाही, पण शेजारणीला येतं; अजून तिनं नीट पाहिलेलं दिसत नाही. म्हणून तिला पोचवायलाही मीच जाणार, असं मघाशी जाहीर केलं आहे. सूनबाई म्हणाली, "बाबा, किती करता हो आत्याचं!" शेजारणीनं नाव वाचून दाखवायच्या आधी तो खोका माझ्या हातात यायला हवा. तोवर मी असाच उठणार, घागरीला हात लावणार, बसणार.

हा कागद कुठं टाकायचा नाही, त्याच अभ्र्यात घडी करून ठेवीन. फक्त एक तुम्हालाच सांगतो, आक्काला नको. त्या खोक्यातल्या साडीचा रंग, फोटोत तरी, मला अमळनेरच्या साडीपेक्षा जास्त आवडला होता.