फळीवरचे अकरा डबे

मिलवॉकी, १२ नोव्हेंबर

प्रिय रागिणीताई,

तुले नमस्कार. मी बरा आहो. आईचे गुडघे कसे आहेत? अकोल्यात थंडी पडली का?

आमच्यासारख्या गे पोरांचा तो बार, ज्याच्याबद्दल घरात मी फक्त तुलेच सांगितलं, पन्नास वर्षांनी काल बंद झाला. एड्सच्या साथीत मेलेल्या ज्या पोरांची राखही घरच्यांनी नेली नाही, त्यांचे डबे रे नावाचा म्हातारा मालक बाटल्यांच्या वरच्या फळीवर ठेवायचा. कधीतरी कोणी न्यायला येईल, म्हणायचा. अकरा डबे तसेच राहिले.

काल ते आमी वाटून घेतले. माझ्याकडे डेव्हिड आला, चोवीस वर्षांचा. डब्यावर त्याच्या बहिणीचा नंबर होता, तो मी लावला. ती आता म्हातारी आहे. तिनं सगळं ऐकलं अन् म्हणाली, "आमी लोकांले तो गाडीच्या अपघातात गेला असं सांगितलं आहे." मग फोन ठेवला. डबा माझ्या खिडकीत आहे.

पुढच्या आठवड्यात माझं एक लहानसं ऑपरेशन आहे. आईले सांगू नको. दवाखान्याच्या फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तुझं नाव लिहिलं.

इथून फोन आला तर उचलजो, ताई.

तुझा लहाना,
रोशन