सुरतेहून आल्यावरची दाढी

नाना, नशिराबादच्या अलीकडे ट्रकचं टायर बसलंय. ड्रायव्हर चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलाय आणि मी केळीच्या गाडीजवळ राखण बसलोय. रस्त्यापलीकडे लिंबाखाली एकजण खुर्ची मांडून दाढ्या करतो, मघाशी त्याच्याकडे बसून आलो. हात जड आहे त्याचा. तुमचा वस्तरा गालावरून फिरायला लागला की माणसाला डुलकी लागायची. एक कंडक्टर असाच झोपला होता आणि त्याची साक्रीची गाडी त्याच्याशिवायच निघाली होती. पण ते राहू द्या, मला दुसरंच सांगायचंय.

सुरतेत प्लेग निघाला तेव्हा मी तिथे साड्यांच्या घड्या घालायच्या कामावर होतो. नववीत शाळा सोडली, तुमचा मुलगा असून तुमचा वस्तरा हातात धरला नाही, कुठल्याच कामावर टिकलो नाही. हे काम मात्र जरा आवडत होतं. मग एका दिवसात सगळे पळत सुटले, मीही पळालो. एसटीत आम्हा सुरतवाल्यांना मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसवलं आणि बाकीचे नाकाला पदर, रुमाल लावून पुढे. धुळ्यात उतरलो तर तिथेही तेच. कापराची वडी घातलेले रुमाल बांधून लोक बाजारात फिरतायत. एका दुकानात पाटी, रुमाल बांधूनच आत यावे. समोरचा कापडवाला म्हणतोय, तोंड बांधून आलेल्याला मी माल दाखवणार नाही, मी काय रोगी आहे? धुळ्यातल्या आपल्या देवपुरात तर दोन तट पडले होते. आणि ते भांडण रोज तुमच्या दुकानात यायचं, कारण दाढी करायची म्हणजे रुमाल सोडावाच लागणार. तुम्ही स्वतः कधी बांधला नाही. ज्याच्या तोंडाला हात लावायचा त्याच्यासमोर आपलं नाक झाकायचं नाही, हा तुमचा नियम. गिऱ्हाइकाला वाटतं, याला माझा वास येतो.

मी दारात येऊन उभा राहतो. खांद्यावर पिशवी, तोंड उघडं. बाकावर शेजारचा किराणा शेठ आहे, रुमाल डोळ्यांपर्यंत. खुर्चीत कॉलेजातले मास्तर, अर्ध्या गालाला फेस.

"हा सुरतेहून आला ना?" शेठ म्हणतो. "आधी तोंड बांध म्हणावं, नाहीतर बाहेर."

"त्यानंच का?" मास्तर आरशातूनच बोलतात. "बांधायचं तर सगळ्यांनी बांधा. आणि शेठ, तुमचा तो रुमाल पानानं इतका रंगलाय, की प्लेग त्याला बघूनच परत जाईल."

"मी नाही बांधणार," मी म्हणतो. "मी काय चोरी करून आलोय?"

शेठ उठून उभा राहिला. "नाना, याला आत घेतलं तर उद्यापासून मी पायरी चढणार नाही. मीच काय, गल्लीतलं कोणीच नाही."

तुम्ही आधी मास्तरांची दाढी निवांत पुरी केलीत, तुरटी फिरवलीत. खुर्ची फिनेलच्या फडक्यानं पुसलीत, स्टोव्हवरच्या पाण्यात वस्तरा टाकलात. मग खुंटीवरचा धुतलेला पंचा काढून आपल्या तोंडाला बांधलात. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"हाऊ मना पोऱ्या शे," तुम्ही शेठला म्हणालात. "याची दाढी मी करणार. तुम्ही पायरीवर थांबा, तुमचा नंबर धरून ठेवतो." आणि मला, "बस."

मी बसलो, पण चिडून. "मला बघून तोंड बांधलं?"

"तुला बघून नाही रे. तुझ्यानंतर मला यांच्या तोंडाशी वाकायचंय, मला लागलं तर यांनाही लागेल."

त्या दिवशी ते मला कळलं नाही. आता कुठल्याही गावात कोणाच्याही खुर्चीत बसलो की आठवतं, आणि छाती फुगते. तुम्ही मला बाहेर ठेवलं नाहीत आणि त्यांनाही वाऱ्यावर सोडलं नाहीत. शेठ पायरीवर उभा राहून सगळं बघत होता, गेला नाही.

दाढी झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता तू बांध, माझ्यासाठी." मी खिशातला रुमाल काढला आणि लगेच बांधला. शेठ हसला, "बांधलाच ना शेवटी." पुढे कितीतरी दिवस तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, पोरगं कोणाचं ऐकत नाही, पण माझ्या एका शब्दावर रुमाल बांधला.

चाक आलं बहुतेक, ड्रायव्हर हाक मारतोय. हा कागद घडी करून केबिनमधल्या आरशामागे खोचतो. तुम्ही होतात तोवर जे सांगितलं नाही ते एवढंच, की तुमच्या शब्दावर नव्हता बांधला, नाना. आरशात बघितलं तर खालच्या ओठाखाली केसांचा पट्टा तसाच राहिलेला. पंच्यामुळे तुमच्या चष्म्यावर वाफ धरली असेल असं म्हणून पाहिलं, पण तुमची बोटं माझ्या गालावर गार पडली होती आणि ओठापाशी येऊन वस्तरा दोनदा मागे फिरला होता. तुम्हालाही भीती वाटत होती, तरी खुर्ची दिलीत. शेठ दारातून माझ्या तोंडाकडेच बघत होता, आणि तुमच्या हातची चुकलेली दाढी देवपुरात कोणाला दिसू द्यायची नव्हती मला.